मोजणारी बाई

३ मार्च

प्रिय भुंग्या,

अकरा महिने पत्र लिहिलं नाही, त्याबद्दल आधी क्षमा. वेळ मिळाला नाही असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. चार पत्रं लिहिली आणि चारही फाडली. पहिल्यात मी माझी बाजू मांडत होते. दुसऱ्यात क्षमा मागता मागता पुन्हा बाजूच मांडायला लागले. तिसरं इतकं नम्र झालं होतं की ते मी लिहिलंय यावर तुझा विश्वास बसला नसता. चौथ्यात शुद्धलेखन सोडून काहीच बरोबर नव्हतं.

गेल्या वर्षी तुझ्या सासूसासऱ्यांसमोर तू तुझ्या लहानपणच्या ऑपरेशनची गोष्ट सांगत होतास. सातव्या वर्षी पायाला चौदा टाके पडले तरी हूं की चूं केलं नाहीस, वगैरे. सगळे कौतुकाने ऐकत होते. आणि मी म्हणाले, टाके नऊ होते. मला कोणी विचारलं नव्हतं. तू हसलास, "ताई म्हणते म्हणजे तसंच असणार" म्हणालास, आणि ताट उचलेपर्यंत पुढे काही बोलला नाहीस.

माझं काम तुला माहीत आहे. औषधाच्या खोक्यात घडी करून ठेवलेला कागद असतो ना, त्यावरचा मजकूर मी छापण्याआधी तपासते. तिथे नवाचे चौदा झाले तर एखाद्याच्या जिवावर बेतेल. जेवणाच्या टेबलावर कोणाच्याच जिवावर बेतत नव्हतं. एवढा साधा फरक मला त्या वेळी का कळला नाही, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. फोन करत नाही तोही याच भीतीने. फोनवर मी ताबडतोब दुरुस्त्या करायला लागते. कागदावर निदान पाठवण्याआधी खोडता येतं.

तुझी ठिणगी कशी आहे? आता आठ पूर्ण झाली असेल. मामांचं ऐकणं कितपत राहिलंय? सविस्तर लिही. रागावला असशील तर तेही सविस्तर लिही.

तुझी ताई


९ मार्च

ताई,

टाके नऊच होते. मला चांगलं माहीत आहे, पायावरच आहेत ते, रोज आंघोळीच्या वेळी मोजता येतात. वरचे पाच सासऱ्यांसाठी होते.

रागावलो होतो, खोटं कशाला बोलू. साधारण आठवडाभर. उरलेले पावणेअकरा महिने तुझ्या पत्राची वाट बघत होतो. पहिलं पत्र मोठ्या आतेबहिणीने लिहायचं असतं, असा नियम मी स्वतःपुरता केला होता. आता तू लिहिलंस, नियम बरोबर ठरला.

बाबा ठीक आहेत. तुझ्या मामांचं ऐकणं विचारतेस, तर डाव्या कानाने काहीच नाही, उजव्याने ओरडलं तर. फोन वाजतो तेवढा ऐकू येतो, मग उचलून "मी बरा आहे" म्हणतात आणि ठेवून देतात. समोर कोण आहे याच्याशी त्यांना घेणं नाही. दुकान चालू आहे. मी दिवसभर चष्म्यांची भिंगं घासतो आणि चौकटीत बसवतो. तुझ्या भावजयीला बस डेपोत बढती मिळाली, आता ती कुठली गाडी कधी सुटायची ते ठरवते आणि घरीही तसंच बोलते.

खरी गोष्ट ठिणगीची. तिच्या डाव्या कानाच्या पडद्याला भोक आहे. शिवण्यासारखंच काम, डॉक्टर म्हणतात. दोन रात्री इस्पितळात, मग घरी. पण तिने मुलांचा वॉर्ड बघितला आणि दाराची चौकट अशी धरली की तिघांनी मिळून सोडवली. तिचं म्हणणं असं, की रात्री दिवे मंद करून सगळे निघून जातात, मग एखादं मूल नाहीसं झालं तर कळणार कोणाला? दोनदा तारीख मिळाली, दोनदा रद्द केली. आता पंधरा एप्रिल. तीही गेली तर पुढची तारीख सहा महिन्यांनी, आणि तोवर त्या कानात किती उरेल हे डॉक्टर सांगत नाहीत. नुसती मान हलवतात.

मग मला आठवली आपली मोजणारी बाई.

आठवते ना? बाबा चित्रपटगृहात यंत्र चालवायचे, तू सुटीत आमच्याकडे आली होतीस आणि पाच आठवडे तोच एक चित्रपट होता. यंत्राच्या खोलीतल्या काचेच्या चौकोनातून आपण तो बघायचो, रिळांच्या रिकाम्या डब्यांवर उभे राहून. चित्रपट परभाषेतला. यंत्राच्या घरघरीत ऐकू काही यायचं नाही, आणि आलं असतं तरी कळलं नसतं. बाबा मागे उभे राहून एकेक वाक्य सांगायचे. तळ्याकाठी मुलांचं इस्पितळ, आणि राखाडी कपड्यांतली ती उंच बाई, कंदील घेऊन पलंगांमधून फिरणारी आणि मुलं मोजणारी. खाली प्रेक्षक किंचाळायचे. मी तर भीतीने गुणगुणायला लागायचो, त्यावरूनच माझा भुंगा झाला. पण आपण बाईला घाबरत नव्हतो, आपण घाबरायचो ते तळ्याला. मोजणीत एक मूल कमी भरलं तर, याला. आणि शेवटी ती वेणीवाल्या मुलीला हाताला धरून धुक्यातून परत आणते, आणि डॉक्टर म्हणतो, "झोपा आता, सगळे आले."

दोन महिन्यांनी माझ्या पायाचं ऑपरेशन झालं. वॉर्डात नर्स फिरायला आली की मी शेजारच्या पलंगांना सांगायचो, घाबरू नका, ती मोजतेय. चौदा टाके थापा असतील, पण मी रडलो नव्हतो हे खरं आहे. ते त्या बाईमुळे.

तुझ्या कचेरीजवळ जुन्या चित्रपटांचं ग्रंथालय आहे ना? तिथे सापडतो का बघ. ठिणगीला दाखवायचाय.

भुंगा


१८ मार्च

प्रिय भुंग्या,

सापडला. ग्रंथपालबाईंना नाव सांगता येईना, कारण नाव आपल्याला कधी माहीतच नव्हतं. मी हाताने कंदील धरून त्यांच्या टेबलाभोवती दोन फेऱ्या मारून दाखवल्या, तेव्हा कुठे त्यांनी ओळखला. काल रविवारी दुपारी तीन वाजता, पडदे पूर्ण उघडे ठेवून बघितला.

माझं मत असं की ठिणगीला तो दाखवू नये. चित्रपट संथ आहे. प्रतीवर रेघा आहेत. पहिली वीस मिनिटं कोणी फारसं बोलतच नाही. तळ्याचा प्रसंग आपल्याला आठवतो तितका काही खास नाही. आजकालच्या मुलांना कंटाळा येईल.

त्यापेक्षा असं कर. तिला दिवसाउजेडी पुन्हा वॉर्डात ने. रात्रीच्या नर्सशी ओळख करून दे. नर्स किती वेळा फेरी मारते ते तिलाच विचारू दे. माहितीने भीती कमी होते, असा माझा अनुभव आहे. (नेहमी नाही. पण बऱ्याचदा.)

एक विचारायचं होतं. ती परभाषा मामा कुठे शिकले होते, तुला काही आठवतं? मला आठवत नाही. आणि तू हा चित्रपट शोधतो आहेस, हे त्यांना इतक्यात सांगू नकोस.

डिस्क आज परत केली.

तुझी ताई


२३ मार्च

ताई,

घाबरलीस.

सेहेचाळिसाव्या वर्षी, भर दुपारी, पडदे उघडे ठेवून. रेघा काय, संथ काय. मी तुला काय आज ओळखतो? घाबरलीस की तू तांत्रिक बोलायला लागतेस. लहानपणी तळ्याचं रीळ आलं की तू बाबांना विचारायचीस, मामा, या रिळाची लांबी किती?

डिस्क परत केलीस, हरकत नाही. डेपोतल्या एका मेकॅनिकने इंटरनेटवरून शोधून दिला. खाली आपल्या भाषेत ओळीसुद्धा आहेत म्हणे. मी अजून बघितला नाही आणि बघणारही नाही. पुढच्या रविवारी, एकतीसला, ठिणगीबरोबरच बघणार.

तुझा सल्ला वाया गेला नाही, नर्सला भेटून आलो. नर्स चांगली आहे. ठिणगीने तिला विचारलं, तुम्ही रात्री मुलं मोजता का? ती बिचारी म्हणाली, तसं मोजत नाही, पण लक्ष असतं. झालं. परत येताना ठिणगी बसमध्ये माझ्याकडे पाठ करून बसली.

मग मी तिला आख्खा चित्रपट सांगितला, बाबांनी सांगितला तसा, वाक्यन् वाक्य. तिचे डोळे एवढे मोठे झाले. दुसऱ्या दिवशी तिने आपण होऊन इस्पितळाची पिशवी भरली, त्यात तीन पुस्तकं आणि घरातली सगळ्यात मोठी उशी. पण अट घातली: आधी बाई बघणार, मग जाणार. तेव्हा आता माघार नाही. बाबांनाही काही सांगितलेलं नाही, तू नको म्हणालीस म्हणून. कारण मात्र कळलं नाही.

परभाषेचं काय विचारतेस? बाबांना येत होती. नाहीतर सांगितलं कसं असतं?

भुंगा


२७ मार्च

प्रिय भुंग्या,

सकाळी फोन केला होता. तुझ्या बायकोने उचलला, तू दुकानात होतास. ती म्हणाली निरोप सांगा, आणि मी "काही नाही, सहज" म्हणून ठेवून दिला. जे तोंडाने सांगता आलं नाही ते लिहिते आहे. कुरिअरवाला म्हणाला शनिवारपर्यंत पोचेल. पोचू दे.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं नाही, पण जे लिहायला हवं होतं तेच तेवढं गाळलं. रेघा खरंच आहेत. पण अडचण रेघांची नाही. मी बघितलेल्या प्रतीतही खाली ओळी होत्या, आणि त्या ओळींत मामांनी सांगितलेलं एकही वाक्य नाही.

ती बाई मुलांना सांभाळण्यासाठी मोजत नाही. ती निवडते आहे. दर मोजणीला एक मूल न्यायचं असतं. पलंगापाशी थांबून ती पुटपुटते ना, मामा सांगायचे, "आज सगळे आहेत ना?" ते वाक्य असं आहे: "आज कुणाला नेऊ?" वेणीवाली मुलगी वाट चुकत नाही, बाई तिला तळ्याकडे घेऊन जाते. आणि शेवट. धुक्यात दोघी हात धरून चालतात, पाठमोऱ्या. त्या परत येतायत असं आपण धरून चाललो होतो. चित्रात तसं काहीच नाही, नुसतं धुकं आहे. मग डॉक्टर वळून सांगतो, "तो पलंग तर तीन आठवड्यांपासून रिकामा आहे." तिथे चित्रपट संपतो. प्रेक्षक उगाच किंचाळत नव्हते, भुंग्या.

मामांनी सगळं रचलं होतं. तुझं ऑपरेशन ठरलेलं होतं, ते मला माहीत नव्हतं, त्यांना माहीत होतं. पाच आठवडे रोज त्यांनी तुला एक खोटी गोष्ट शिकवली, आणि तू तिच्या जोरावर वॉर्डात झोपलास. बघितला त्या रविवारी रात्री मला राग आला, की आपल्या दोघांना फसवलं. सोमवारी वाटलं, याहून मोठं काम मी जन्मात केलेलं नाही. आज पुन्हा खात्री नाही. औषधाच्या कागदावर कोणी असं केलं तर मी त्याला घरी पाठवीन.

मला कळतंय की मी पुन्हा तेच करते आहे. तुझी गोष्ट चालू असताना मध्येच नऊ म्हणते आहे. पण या वेळी ठिणगी समोर बसलेली असणार, आणि तिला वाचता येतं. दाखवू नकोस.

ताई


३ एप्रिल

ताई,

तुझं पत्र सोमवारी आलं. रविवारी आम्ही बघितला.

पहिली वीस मिनिटं छान गेली, कोणी बोलत नाही म्हणून. मग बाई आली, कंदील आला, मी जुन्या सवयीने म्हणालो, "आज सगळे आहेत ना?" ठिणगी म्हणाली, "बाबा, खाली वेगळंच लिहिलंय." मी म्हटलं, भाषांतरं करणारे चुकतात कधीकधी. तिने थांबवलं, मागे घेतलं, बोट ठेवून मोठ्याने वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "एकच बाई एकाच वेळी दोन्ही कसं म्हणेल?" ही मुलगी माझ्यापेक्षा तुझी जास्त आहे.

मी लॅपटॉप मिटला. ती आत गेली, इस्पितळाची पिशवी उघडली, तिन्ही पुस्तकं फळीवर जागच्या जागी ठेवली, आणि उशी पलंगावर. रडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात तुझं पत्र वाचलं आणि तडक बाबांकडे गेलो. चिडलो होतो. माझं आयुष्यभराचं धैर्य एका थापेवर उभं आहे, हे बेचाळिसाव्या वर्षी कळणं बरं नाही. पण बाबांवर चिडणं सोपं नाही, ऐकू येत नाही ना. "तुम्ही मला फसवलंत" हे तीन वेळा ओरडावं लागलं. पहिल्यांदा ते म्हणाले, "जेवून आलोय." तिसऱ्यांदा समोरच्या बाई गॅलरीत आल्या. तोवर माझा राग निम्मा झाला होता. मग त्यांनी विचारलं, काय रचलं मी? मी सांगितलं. त्यांना समजेचना. म्हणाले, पोरीला आण, आणि तो चित्रपट आण.

काल संध्याकाळी शाळा सुटल्यावर ठिणगी त्यांच्या उजव्या कानाशी बसली आणि तिने खालच्या ओळी एकेक करून वाचून दाखवल्या. ताई, मी त्यांचा चेहरा बघत होतो. डॉक्टरचं शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "असं म्हणतो होय तो."

त्यांना माहीतच नव्हतं. ती भाषा त्यांना येत नव्हती, आजही येत नाही. पडद्यावर जे दिसलं त्यावरून त्यांना तशीच गोष्ट समजली होती, आणि त्यांनी ती आपल्याला सांगितली. आपण धरून चाललो की बाबांना भाषा येते, आणि बाबा धरून चालले की यात न समजण्यासारखं काय आहे.

बाबा म्हणाले, "मग चूक त्यांची आहे."

ठिणगीने विचारलं कोणाची.

"बनवणाऱ्यांची. मागे घे. बाईच्या डाव्या हाताकडे बघ."

आम्ही बघितलं. उजव्या हातात कंदील आहे. डावा हात प्रत्येक पलंगाशी खाली जातो आणि पांघरूण सारखं करतो. एका ठिकाणी पाण्याचा पेला टेबलाच्या काठाला आलाय, तो आत सरकवतो. कोणी त्याबद्दल बोलत नाही, कॅमेराही तिकडे जात नाही. काम करणाऱ्या नटीला कोणी सांगितलं होतं की तिने आपल्या मनाने केलं, देव जाणे. बाबा म्हणाले, "न्यायला आलेली बाई पांघरूण कशाला घालेल? शंभरावर खेळ मी हा हात बघितला. यंत्राशी उभ्या माणसाला ऐकू काही येत नाही, पण दिसतं सगळं."

ठिणगीने सहा पलंग तपासले. सहाही ठिकाणी पांघरूण.

मला वाटलं, सुटलो. पण ती आठ वर्षांची आहे, मी सात वर्षांचा होतो, आणि एका वर्षात फार फरक पडत असावा. आज सकाळी दात घासता घासता तिने निकाल दिला. लिहिलंय ते एक सांगतं आणि आजोबांना दिसतं ते दुसरं, म्हणजे त्या बाईचं नक्की काही सांगता येत नाही. "मला आपल्या ओळखीची बाई पाहिजे." नर्स म्हणाली होती, वॉर्डात रात्री पलंगाशी एका माणसाला बसू देतात, पण बाईलाच. पहिल्या रात्री तिची आई बसेल. दुसऱ्या रात्री तिला डेपोतून सुटका नाही, हे आधीपासून ठरलेलं. मी म्हटलं, दुसऱ्या रात्री शेजारच्या काकूंना विचारू. ठिणगी म्हणाली, "आत्या. आजोबा चुकतात आणि तू फुगवून सांगतोस. आत्या बरोबर मोजेल."

मी तिला म्हटलं आत्या लांब राहते, तिला काम असतं. ती म्हणाली, विचार.

म्हणून विचारतो. येशील? नाही म्हणालीस तर पिशवी रिकामीच राहील, पण मी रागावणार नाही. आठवड्यापेक्षा जास्त तर नाहीच.

भुंगा


६ एप्रिल

प्रिय भुंग्या,

येते. चौदाला दुपारी पोचेन. रजेचा अर्ज दिला. साहेबांनी कारण विचारलं, मी म्हणाले मुलं मोजायची आहेत. त्यांनी लगेच सही केली.

ठिणगीला एक स्पष्ट सांग: मीही चुकते. मामांना मी दोन दिवसांत आधी लबाड ठरवलं आणि मग थोर ठरवलं, आणि दोन्ही वेळा मला पूर्ण खात्री होती. ओळी वाचल्या, हात बघितला नाही. दिवसभर छापलेलं वाचणाऱ्या बाईला छापलेलंच दिसतं, हे तिला कळलेलं बरं. एवढं ऐकूनही तिला मीच हवी असेन तर पिशवी भरायला सांग.

इस्पितळाच्या वासाने मला गरगरतं, हे तिला सांगू नकोस. नको, सांग.

ताई


१५ एप्रिल, संध्याकाळचे साडेपाच
मुलांचा वॉर्ड

ती. मामा,

नमस्कार. फोनवर तुम्ही "मी बरा आहे" म्हणून ठेवून द्याल, म्हणून लिहिते आहे. भुंगा घरी जाताना हे पत्र तुम्हाला देऊन जाईल.

ठिणगीला सकाळी नऊ चाळीसला आत नेलं आणि अकरा वाजून दहा मिनिटांनी बाहेर आणलं. पडदा व्यवस्थित बसला, असं डॉक्टर म्हणाले. ऐकू किती येईल ते सहा आठवड्यांनी कळेल. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा त्यांनी सहाच सांगितले. जाताना ती भिंतीवरच्या सूचना मोठ्याने वाचत गेली. एका सूचनेत ‘प्रवेश’ दोनदा छापलंय, ते तिला माझ्याआधी दिसलं. भुंग्याने दीड तासात स्वतःचा चष्मा अकरा वेळा पुसला. काल रात्री तिची आई बसली होती. आज मी.

तुमची क्षमा मागायची राहिली आहे. मी आधी तुमच्यावर रागावले, मग मला तुमचा फार आदर वाटला, आणि दोन्हींसाठी तुम्ही काहीच केलेलं नव्हतं. तुम्ही फक्त बघत होतात. यापुढे कोणाबद्दल मत बनवताना मी हे लक्षात ठेवीन असं लिहिणार होते, पण माझा स्वभाव बघता तसं वचन देणं बरोबर होणार नाही. प्रयत्न करीन.

दुपारची एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. शेजारच्या पलंगावर हाताला प्लास्टर घातलेली एक मुलगी आहे, ठिणगीपेक्षा लहान. तिची आई चहा घ्यायला खाली गेली आणि ती रडकुंडीला आली. ठिणगीच्या डोक्याभोवती एवढी मोठी पट्टी, बोलताना दुखत होतं, तरी तिने तिला चित्रपट सांगायला घेतला. मी कान देऊन ऐकत होते. मला वाटलं, आता बघू ही तुमचं सांगते की खालच्या ओळींचं.

दोन्ही नाही. तिच्या गोष्टीत ती बाई कामावर नवीन आहे. तिला मुलांची नावं पाठ होत नाहीत, म्हणून ती मोजते. पण मुलं एका जागी पडून राहत नाहीत, त्यामुळे आकडा दर वेळी वेगळाच येतो. शेवटी ती कंटाळते आणि तळ्याकाठी जाऊन बसते. मग मुलं उठून एकमेकांना मोजतात, तर मुलं सगळी आहेत, बाईच कमी. तेव्हा ती सगळी कंदील घेऊन तिला शोधायला निघतात आणि हाताला धरून परत आणतात.

मामा, यात तळं आणि कंदील सोडून काहीही खरं नाही. माझं तोंड उघडलं होतं. तेवढ्यात त्या प्लास्टरवाल्या मुलीने माझ्याकडे बघून विचारलं, "असंच आहे का त्यात?" म्हणजे या वेळी मला चक्क विचारलं होतं. ठिणगी डोळे मिटून पडली होती, पण ती ऐकत होती, हे तिच्या पायाच्या बोटांवरून कळत होतं.

मी म्हणाले, "शेवट मला नीट आठवत नाही. हिला ठाऊक."

हे धडधडीत खोटं होतं. तेरा तासांपूर्वी, म्हणजे काल दुपारी घरी पोचल्यावर, ठिणगीला इथे आणण्याआधी, मी तिच्याबरोबर तो चित्रपट पुन्हा बघितला होता, डाव्या हातासकट, आणि शेवट मला शब्दन् शब्द पाठ आहे. बघा, खोटं कबूल करतानाही तेरा तास चुकले. चोवीस. बरोबर की चूक, याचा विचार मी तेव्हापासून करते आहे, आणि रात्रभर वेळ आहे. त्या मुलीला मात्र उत्तर पुरलं. तिची आई वर आली तेव्हा ती झोपली होती.

आता भुंगा निघेल, म्हणून आवरते. माझ्या खुर्चीचा एक हात ढिला आहे, बाकी सोय चांगली. वॉर्डात बारा पलंग, आज दहा मुलं. ठिणगीने मला वही दिली आहे. त्यात दर वेळचा आकडा लिहून खाली सही करायची, अशी तिची आज्ञा.

वहीत पहिल्या पानावर मी उद्याचं लिहून ठेवलंय: सकाळी आठला डॉक्टर पट्टी सोडतील तेव्हा ठिणगीच्या उजव्या बाजूला उभं राहायचं, म्हणजे मी काय बोलते ते तिला ऐकू येईल.